मेंदीच्या रंगाची माशी

मासे धरायच्या तऱ्हा मी लहानपणापासून बघत आलोय. आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या काठावर. पाग, डोल, गरी, रांपण, ओहोटीला दगडाखाली हात घालून खेकड्याकडून बोट फोडून घेणं, यातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. पण कोरड्या वाळूत मासे धरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो सौदीत, आणि तो माणूस आमच्या यार्डाचा मुख्य साहेब होता.

तेलाला सोन्याचा भाव आला होता, ती वर्षं. कोकणातल्या वाडीवाडीतून कोणी ना कोणी फिटर, वेल्डर, रिगर म्हणून आखातात निघाला होता. मी पाइप फिटर. आमचा कॅम्प जुबैलच्या वरच्या अंगाला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आज त्या बाजूला रास अल खैरची कारखान्यांची वस्ती आहे, तिथे समुद्राचं पाणी गोडं करतात, वीज काढतात. तेव्हा तिथे नुसती वाळू, मिठाने पांढरं पडलेलं सपाट रान आणि लांबवर गुडघाभरच पाणी असलेला समुद्र. एवढा समुद्र दाराशी असून मेसमध्ये आमच्या ताटात काय, तर रोज बर्फातली कोंबडी. कोकणी माणसाचा यापेक्षा मोठा छळ कोणाला सुचला नसता.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. शिफ्ट सुटली होती आणि आम्ही बसची वाट बघत पाइपांच्या रॅकमागे उभे होतो. तिथे मोकळ्या जागेत साहेब एक लांब, बारीक, बोटाने वाकेल अशी काठी घेऊन उभे. काठीला पिवळी दोरी, आणि दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा एवढासा तुकडा. समोर दूरवर वाळूत रंगाच्या डब्याचं झाकण ठेवलेलं. साहेब काठी मागे न्यायचे, दोरी हवेत मागे पार उलगडायची, क्षणभर थांबायची, मग काठी पुढे यायची आणि दोरी डोक्यावरून जाऊन लोकरीचा तुकडा त्या झाकणावर अलगद उतरायचा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आजूबाजूला टिपूस पाणी नाही.

"म्हाताऱ्याला ऊन लागलं," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. पण मग मी बघतच राहिलो. ज्याने पाग टाकलाय त्याला हे कळतं. पागाची सगळी कमाल हातातून सुटण्याच्या क्षणाला असते, हात जरा घाई करेल तर जाळं उघडतच नाही, गोळा होऊन धपकन पडतं. इथे तर आणखी अवघड काम. आपल्या गरीला शिसं असतं, त्या वजनाने दोरी जाते. यांच्या टोकाला वजनच नव्हतं. दोरीचं स्वतःचं वजन त्या लोकरीला घेऊन जात होतं, आणि तेही कसं, तर लोकर पडली हे वाळूलाही कळू नये असं. बस आली तेव्हा मला हाक मारावी लागली.

दोनतीन दिवसांनी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं वेल्ड फेल गेलं असणार. टेबलावर ड्रॉइंगं नव्हतीच. एक छोटासा शेगडा, म्हणजे घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस, लावलेला, त्यात बोटाच्या पेराएवढा गळ धरलेला, बाजूला कोंबडीची पिसं, बकरीचे केस, वायरीतून काढलेली तांब्याची तार. साहेब त्या गळावर पिसं आणि केस बांधून खोटी माशी करत होते. ते तिला फ्लाय म्हणत, आम्ही पुढे सरळ माशीच म्हणू लागलो.

"तुझे डोळे तरुण आहेत," ते म्हणाले, "ही दोरी या भोकातून ओवून दे."

मी ओवून दिली. मग मला चमत्कारिक वाटलं. केसाहून बारीक तार बोटाने गुंडाळणारा माणूस, त्याला एवढी दोरी ओवता येऊ नये? मी बावळटासारखं विचारलंही. साहेबांनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "मला कडेचं सगळं दिसतं. मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघायला जातो, तेवढंच नाहीसं होतं. तू आत्ता समोर उभा आहेस तर तुझे कान दिसतायत, तोंड नाही." दोन्ही डोळ्यांना तेच होतं, आणि ते वाढत चाललं होतं. गाडी चालवणं त्यांनी आधीच सोडलं होतं, यार्डात क्रेनखाली जाणंही. कंपनीची मेडिकल तपासणी मार्चअखेरीला होती. ती झाली की खलास, परतीचं तिकीट.

नोकरी जाण्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते दुसरंच.

त्यांचा मुलूख अमेरिकेच्या पश्चिमेला, डोंगरातला. तिथल्या नद्या बर्फाच्या, आणि त्यात ट्राउट नावाचा मासा. हातातली माशी बांधता बांधता ते त्या नद्यांबद्दल बोलायचे आणि मी त्यांच्या दोऱ्या ओवत ऐकायचो. तिकडे मार्चमध्ये नदीच्या कडेला अजून बर्फ असतं. दुपारी थोडा वेळ ऊन पडलं की डासाएवढ्या माश्या पाण्यातून वर येतात, आणि ट्राउट नाकाचा शेंडा तेवढा बाहेर काढून त्या टिपतो. पाण्यावर सुपारीएवढं वर्तुळ उमटतं, बस्स. त्या वर्तुळाच्या जरा वर आपली माशी अशी टाकायची की ती खऱ्या माशीसारखी वाहत त्याच्या नाकापर्यंत गेली पाहिजे. दोरीने ओढली गेलेली दिसली तर तो ढुंकून बघत नाही. एप्रिलमध्ये माश्या बदलतात, मोठ्या होतात, मग आपल्या डबीतली माशीही बदलायची. मे महिन्यात डोंगरावरचं बर्फ वितळलं की नदी गढूळ होऊन फुगते, तेव्हा काठावर बसून कॉफी प्यायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. कमरेइतक्या गार पाण्यात गोट्यांवर पाय रोवून दिवसभर उभं राहायचं, एका माशाला फसवायचं, आणि तो दिवस चांगला गेला असं म्हणायचं. मी मनात म्हणायचो, बाबा रे, आमच्याकडे एका माशासाठी दिवस घालवला तर बायको घरात घेणार नाही. पण ऐकत मात्र राहायचो.

आता त्या पाण्यात त्यांना जाता येणार नव्हतं. ओढीचं पाणी, निसरडे गोटे, आणि पायाखालचं नेमकं दिसत नाही. मुलीने सांगून टाकलं होतं, घरी ये, पण नदीचं नाव काढू नकोस. इथे मात्र तळ सपाट, वाळूचा, ओढ नाही. थंडी संपता संपता सुबैती नावाचा मासा इथे किनाऱ्याशी उथळ पाण्यात येतो. चांगला जोरकस, ताकदीचा मासा. उन्हाळा लागला की तो खोल पाण्यात जातो. म्हणजे मार्च संपेपर्यंत मासाही इथे आणि साहेबही इथे.

"जायच्या आधी एकदा दोरी ताणलेली हवी आहे," ते म्हणाले. "माझ्या हाताने बांधलेल्या माशीवर. एकदाच. मग ही काठी भिंतीवर लावली तरी चालेल."

असं कोणी म्हटल्यावर माणूस काय करणार? शुक्रवारी सकाळी पिकअप मी चालवायला घेतला.

पहिल्याच शुक्रवारी किनाऱ्यावरच्या चौकीतल्या शिपायाने अडवलं. इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, बघितले, साहेबांचा, माझा. मग त्याची नजर मागे ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर गेली. नळी लांब, गोल आणि दोन्ही बाजूंनी बंद. त्याला वाटू नये ते वाटलं. उघडायला लावली तर आतून निघाली काठी, आणि डबीतून निघाली पिसं, केस, लोकर. शिपायाने एक माशी तळहातावर घेतली, फुंकर मारली, मासे याने धरणार का म्हणून खुणेने विचारलं आणि पोट धरून हसला. "यल्ला, यल्ला," म्हणत त्याने साखळी खाली केली. दर शुक्रवारी तो तसाच हसायचा.

त्याचं काही चुकत नव्हतं. मासे दिसले तर मिळणार ना. साहेबांना दिसत नव्हते, आणि मला दिसून उपयोग नव्हता. आमची खाडी गढूळ, तिथे आम्ही पाण्याच्या हालचालीवरून मासा ओळखायचो. इथलं पाणी काचेसारखं, तळाशी ढगाची सावली पडली तरी मला मासा वाटायचा. मी "तिकडे, तिकडे" म्हणून ओरडायचो आणि साहेब बिचारे सावलीवर माशी टाकायचे. ती इतकी देखणी पडायची की सावलीलाच लाज वाटावी. दोन शुक्रवार असे गेले. मागे वाळवंटात त्या थोड्याशा हिवाळी पावसावर बारीक हिरवं उगवलं होतं, पिवळी फुलं आली होती, उंट मजेत चरत होते. आम्ही तेवढे कोरडे.

तेव्हा मी चाचांना सांगितलं.

चाचा म्हणजे आमच्या खोलीतले सगळ्यांत वडीलधारे. दाभोळ खाडीच्या पलीकडच्या काठावरचे कोकणी मुसलमान, कामाने रिगर. क्रेनने पाइप उचलायचा, हलवायचा, ठेवायचा, तो सगळा चाचांच्या शब्दावर. दाढी मेंदीने रंगवलेली, लालभडक. तरुणपणी ते रांपणीवर टेहळणीला असत. म्हणजे खडकावर उभं राहून माशांचं पाळं, त्यांचा थवा, कुठे आहे ते बघायचं आणि जाळं घेऊन निघालेल्या होडीला हाका मारून वळवायचं. इतकी वर्षं क्रेनच्या हुकाकडे बघून बघून त्यांची नजर बोथट व्हायच्या ऐवजी धारदार झाली होती. लांबून बस कुठल्या कॅम्पची ते सांगायचे.

पण चाचांचा साहेबांवर राग होता. साहेबांच्या ऑफिसात भिंतीवर एक फोटो होता, साहेब नदीत उभे आणि हातात हा एवढा ट्राउट. चाचांनी एकदा कौतुकाने माझ्यामार्फत विचारलं होतं, तळला की कालवण केलं? साहेब म्हणाले, सोडून दिला. चाचांना वाटलं मीच चुकीचं सांगतोय. दोनदा विचारून घेतलं. मग खोलीवर येऊन जे सुरू झाले.

"सोडला? धरलान आनि सोडला? मग धरलान कशाला? आं? मासा म्हनजे काय पतंग हाय?"

मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. तिकडच्या नद्या लहान, मासे मोजके. सगळ्यांनी खाल्ले तर पुढच्या साली नदीत नुसतं पाणी. शिवाय माशाने जे द्यायचं ते दिलं, दोरी ताणली, आता त्याला घरी जाऊ द्यावं.

"अन्नाशी खेळू नये," चाचा म्हणाले. "मी नाय येनार."

मग सहज बोलल्यासारखं म्हटलं, म्हातारा आता परत जाणार, डोळे जातायत, तिकडे त्याला पाण्यात उतरू देणार नाहीत. चाचांनी लुंगी नीट केली. मग म्हणाले, "चष्मा लावून पन नाय दिसत?" मी म्हटलं, थोडं दिसतं, मासा नाही दिसत. "जुम्म्याच्या नमाजाला परत आनशील?" आणीन म्हटलं. "मग येतो. पन सोडायची भाषा माझ्यासमोर नको."

पहिल्या दिवशी चाचांनी जे केलं ते आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. पाण्याच्या कडेला उभे राहून त्यांनी हात डोळ्यांवर धरला आणि लगेच कुजबुजले, "बग बग, चार हायत. लाटेच्या अल्याड." साहेब त्या दिशेने सरसावले, दोरी हवेत उठली. आणि चाचांच्या अंगात खाडी आली. आमच्याकडे पाळं दिसलं की काय करतात? ओरडायचं, पाणी बडवायचं, मासे जाळ्याकडे हाकायचे. चाचांनी लुंगी वर खोचली, "हो हो हो हो" करत पाण्यात धावले आणि दोन्ही हातांनी पाणी बडवत ते चार मासे साहेबांच्या माशीकडे हाकायला लागले. साहेबांना कडेने फक्त एक लाल दाढी आणि उडणारं पाणी दिसलं असणार. मासे बहुतेक इराणच्या किनाऱ्याला जाऊन थांबले.

साहेब पाण्यातच खाली बसले, गळ्यापर्यंत, कपड्यांसकट, आणि हसत राहिले. चाचा मला विचारत होते, "चुकला काय? हाकायचे नसतात?"

"नसतात, चाचा. गपचूप करायचं असतं."

"गपचूप कोन मासे धरतो?" चाचा म्हणाले, पण ते ओशाळले होते.

त्या दिवशी परत येताना साहेबांनी गाडीत दोनतीनदा मान वळवून, सरळ न बघता, चाचांकडे कडेने बघितलं. सुबैती त्या दिवसांत तळाशी फिरणारी लालसर कोळंबी खात होता, आणि तो नेमका लाल साहेबांना कुठे मिळत नव्हता. लोकर पाण्यात काळपट पडायची, पिसं ताठ राहायची. मऊ, पाण्यात हलणारा, किंचित पारदर्शक, लालसर केस हवा होता. "त्यांना विचार," साहेब मला म्हणाले, "दाढी कातरतात तेव्हा खाली पडतात त्या केसांचं काय करतात?"

मी विचारलं नाही. मला जीव प्यारा होता. साहेबांनी मग स्वतःच खुणेने विचारलं. चाचांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी दाढी झाकली. "तौबा! माझी दाढी माशाच्या तोंडात?" सगळा रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. तो विषय संपला असं मी समजलो.

पुढच्या गुरुवारी कॅम्पच्या न्हाव्याकडून चाचा परत आले ते हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन. माझ्या गादीवर टाकली. "दे त्याला. दाढी मुठीत धरली की खाली उरतो तो भाग हाय, तो कापायचाच असतो. फुकट जाईल त्यापेक्षा." पुडी साहेबांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ते केस बोटांत घेऊन चुरून बघितले, ओठांना लावून बघितले आणि लगेच शेगड्यापाशी बसले. त्या संध्याकाळी त्यांनी बांधलेली माशी मी पाहिली. तांब्याच्या तारेचं अंग, वर मेंदीच्या रंगाचे केस, आणि मिशांसारखे दोन लांब ठेवलेले. ती बांधताना त्यांनी गळाकडे एकदाही बघितलं नव्हतं, तोंड खिडकीकडे होतं. बोटांनी बघत होते. मी आजवर पुष्कळ कारागीर पाहिले, वेल्डिंगचे तर एकाहून एक. पण तसे हात पाहिले नाहीत.

तो शेवटचा शुक्रवार. आठवड्याभरात मेडिकल होती, आणि वारा पण गरम यायला लागला होता. चौकीवरच्या शिपायाने माशी बघायला मागितली, साहेबांनी दाखवली. या वेळी तो हसला नाही. माशीकडे बघितलं, चाचांच्या दाढीकडे बघितलं, आणि मानेने "जा" म्हणाला.

आता प्रश्न होता की चाचांना मासा दिसला तर साहेबांना सांगायचं कसं. साहेब त्यांच्या मुलखात घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगायचे, ते चाचांना सांगून उपयोग नव्हता. चाचांना फक्त एक भाषा नीट यायची, क्रेनची. आपल्याकडच्या खलाशांची जुनी बोली ती. आरिया म्हणजे खाली सोड, हाबेस म्हणजे वर उचल. क्रेनवाला कुठल्याही देशाचा असो, आखातात हे दोन शब्द त्याला कळायचेच. आमच्या यार्डात डावं-उजवं पण नव्हतं. एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला वाळवंट, म्हणून दर्या साइड आणि रेती साइड. साहेबांनी ही भाषा वर्षानुवर्षं कानांनी ऐकली होती. पाण्यात उभं राहिल्यावर चाचांनी मला काही विचारलंच नाही. साहेबांच्या मागे, खांद्याशी येऊन उभे राहिले, पाइप उचलताना उभे राहतात तसे.

बराच वेळ काही नव्हतं. ऊन चढत होतं, मी घड्याळ बघत होतो, कारण नमाजाला परत पोचवायचं कबूल केलं होतं. मग चाचांचा आवाज आला, अगदी हळू.

"साब. एक है. बड़ा है. दर्या साइड."

साहेबांची दोरी उठली.

"और थोड़ा दर्या साइड. थोड़ा… बस. आरिया."

दोरी डोक्यावरून उलगडत गेली आणि ती लाल माशी पाण्यावर टेकली. मला मासा दिसत नव्हता, साहेबांना दिसत नव्हता. दोघांचा जीव चाचांच्या तोंडात. साहेब डाव्या हाताने दोरी इंच इंच ओढत होते. तळाशी कोळंबी जशी धक्क्याधक्क्याने सरकते, तशी.

"देखता है," चाचा म्हणाले. "आता है. आता है. रुका. साब, रुको." साहेब थांबले. "मुंडी नीचे किया… मुँह खोला…"

"हाबेस!"

काय आवाज लावला चाचांनी! यार्डात असता तर सगळ्या क्रेन एकदम वर गेल्या असत्या. साहेबांचा हात वर गेला, काठी वाकून नाल झाली आणि काठीवरच्या दोरीच्या रिळाने किंकाळी फोडली. दोरी पाणी कापत समुद्राकडे सुसाट निघाली. साहेबांनी डोळे मिटून घेतले. आता त्यांना डोळ्यांचं काही काम नव्हतं. मासा ओढायचा तेव्हा सोडायचे, दमायचा तेव्हा गुंडाळायचे, तो वाळवंटाकडे वळला की काठी समुद्राकडे झुकायची. त्यांच्या सगळ्या नद्या, सगळं बर्फ, सगळे वसंत त्या मनगटात होते. चाचा मागून पुटपुटत होते, "आराम से, साब, आराम से," आणि मला वाटतं ते दुवाही मागत होते. मी काय करत होतो, तर रडत होतो. उगाच नाकारत नाही.

शेवटी मासा दमून त्यांच्या पायाशी आला. साहेबांनी गुडघे टेकले, हात पाण्यात ओले करून त्याला धरलं आणि बोटांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपलं. मग मला म्हणाले, "कसा दिसतो सांग."

माझं इंग्रजी ते कितीसं. मी म्हटलं, "चांदीसारखा, सर. नव्या गॅल्व्हनाइज्ड पाइपासारखा. पाठ जरा निळी." साहेब हसले. बोटानेच त्यांनी ओठातली माशी सोडवली. मासा पाण्यात, तोंड समुद्राकडे, दोन्ही तळहातांवर. त्यांची सोडायची तऱ्हा मला त्यांच्या बोलण्यावरून माहीत होती.

चाचा शेजारीच उभे होते. सकाळीच त्यांनी खोबरं भाजून, मिरची वाटून, आमसुलं भिजत घालून ठेवली होती, हे मला माहीत होतं. ते दर्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "सांग त्याला, सोड. त्याचा मासा हाय. त्याच्या मनासारखा करू दे."

मी सांगितलं. साहेबांनी मासा उचलून चाचांच्या आवाजाच्या दिशेने धरला. "त्यांना सांग, केस त्यांचे, डोळे त्यांचे. मी नुसती काठी धरली. मासा त्यांचा आहे."

चाचांनी दोन्ही हात पुढे केले. इतक्या अदबीने की जणू कोणाचं तान्हं मूल घेतायत.

नमाज चुकली नाही. परत येऊन चाचांनी कालवण केलं, आमच्या खोलीत, पलंगाखालच्या शेगडीवर. खोलीत शिजवायला सक्त बंदी होती, आणि बंदीच्या नोटिशीखाली सही साहेबांचीच होती. साहेब आत आले, नाकाने हुंगलं, आणि खाली वर्तमानपत्रावर मांडी घालायला बघू लागले. खोलीतल्या बाकीच्यांना काही कळेना. एवढा मोठा साहेब आमच्या खोलीत, आणि वर जेवायला!

त्यांना चमचा दिला तर नको म्हणाले, हाताने जेवू लागले. पहिला घास घेतला, आणि थांबले. बोटांनी तोंडातून काटा काढला. दुसऱ्या घासाला पुन्हा तेच. मग त्यांचा हात ताटावर नुसताच फिरत राहिला, भात कुठे, मासा कुठे, काटा कुठे. कडेने आमचे सगळ्यांचे चेहरे त्यांना दिसत असणार, फक्त ताट दिसत नव्हतं. मी मान खाली घातली. चाचा त्यांच्यासमोर बसले होते आणि बघत होते. पाण्यात त्यांना वाटलं होतं म्हाताऱ्याला लांबचं दिसत नाही. आता त्यांना कळलं.

चाचांनी साहेबांचं ताट आपल्याकडे ओढलं. माशाचा तुकडा उचलला, बोटांनी मधला काटा काढला, मग कडेचे बारीक काटे एकेक चाचपून काढले आणि कागदाच्या कोपऱ्यावर ठेवले. आमच्याकडे घरात लहान पोरांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं असं करतात, दुसऱ्या कोणाचं नाही. सगळा मासा साफ झाल्यावर त्यांनी ताट परत साहेबांसमोर सरकवलं.

साहेबांचा हात अजून हवेतच होता.

"साब," चाचा हळू म्हणाले, "थोड़ा रेती साइड. थोड़ा… बस. आरिया."

हात खाली आला आणि बरोबर माशावर टेकला.

"अब खाव, साब. एक भी काँटा नहीं है."